'हिज' म्हणजे कोणाचं?

आमच्या इमारतीचे सत्तावीस नियम मी स्वतः लिहिले. इंग्रजीत लिहिले. मराठीत लिहिले असते तर लोकांनी ते वाचले असते, आणि वाचलेल्या नियमावर माणूस वाद घालतो. इंग्रजी नियमाला माणूस नुसता घाबरतो. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात माझी बावीस वर्षं गेली आहेत. आपला दावा नाकारला गेलाय हे वाचणाऱ्याला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कळू नये, असं पत्र लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कोणी नाही. त्यामुळे इमारतीचा सेक्रेटरी म्हणून नियम लिहायची वेळ आली, तेव्हा माझ्या लेखणीला नुसतं स्फुरण चढलं होतं.

त्यातला नियम क्रमांक सात असा होता: एव्हरी मेंबर शॅल ड्राय हिज क्लोद्स ऑन द टेरेस ओन्ली. प्रत्येक सभासदानं आपले कपडे गच्चीवरच वाळवावेत. त्यातल्या 'शॅल'चा मला विशेष अभिमान होता. 'हिज'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी खाली उभा राहून इमारतीकडे कौतुकानं बघत होतो, तर दुसऱ्या मजल्याच्या पुढच्या बाल्कनीत दोन चादरी, चार टॉवेल आणि एक निळा गाऊन वाऱ्यावर डोलताना दिसला. हे घर दातांच्या डॉक्टरांचं. त्यांना डॉक्टरीणबाई म्हटलेलं आवडत नाही, कारण मग लोक त्यांच्या यजमानांना डॉक्टर समजून जिन्यात गाठतात आणि दाढ दाखवतात. यजमान सिमेंटच्या गोदामात असतात.

मी घंटी वाजवली. "डॉक्टर, नियम क्रमांक सात."

"वाचलाय मी," त्या म्हणाल्या. "त्यात 'हिज क्लोद्स' म्हटलंय. ह्यांचे सगळे कपडे मी गच्चीवरच टाकते. जाऊन बघा हवं तर. हे माझे आहेत."

"आणि चादरी?"

"चादरी माझ्या. मी आणल्या."

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं ठेवून उभं राहू नये. त्यांनी जरा वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवीकडची खालची दाढ दाखवून घ्या एकदा."

ही बातमी जिन्यानं वर चढली, लिफ्टनं खाली उतरली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीची पुढची बाजू धोबीघाटासारखी दिसू लागली. पुरुषांचे कपडे तेवढे गच्चीवर, बायकांचे सगळे पुढे. चार पुरुषांनी मला येऊन विचारलं, "म्हणजे आमच्याच शर्टांनी पाच मजले चढायचे का?"

मी सल्ल्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी चष्मा पुसला. व्याकरणाचं काही बोलायचं असलं की ते आधी चष्मा पुसतात.

"घाबरू नका," ते म्हणाले. "इंग्रजीचा जुना दंडकच आहे. पुल्लिंगात स्त्रीलिंग सामावलेलं असतं. 'मॅन' म्हटलं की 'वुमन' आलीच."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "मी काही आलेली नाही. दूध उतू जातंय, तुम्हीच या."

मास्तर दूध उतरवून परत आले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला बावीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. मराठीत म्हणे वस्तूवस्तूला लिंग चिकटलेलं असतं. ती भिंत, तो दरवाजा, ते कुलूप. इंग्रजीला वस्तूंचं काही सोयरसुतक नाही. भिंत, दरवाजा, कुलूप, सगळं 'इट'. पण मालकाची चौकशी ती केल्याशिवाय राहत नाही. टॉवेल कसला का असेना, तो बाप्याचा की बाईचा हे आधी सांगा, मग पुढं चला.

"म्हणजे इंग्रजी पोलिसासारखी आहे," मी म्हणालो. "मालाला हात लावत नाही, आधी मालक कोण ते विचारते."

मास्तरांना हे आवडलं नाही. चांगली उपमा दुसऱ्याला सुचली की शिक्षकाला वाईट वाटतं.

तळमजल्यावरचे कॅप्टन वाटेतच भेटले. त्यांचं आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलंय. त्यांचं म्हणणं, 'हिज'ही नको आणि 'इट'ही नको, सरसकट 'हर' लिहा. "जहाजाला 'शी' म्हणतात. समुद्रावर मी कुठल्याही यंत्राला 'इट' म्हटलेलं नाही. जिच्यावर आपला जीव अवलंबून असतो, तिला 'शी'च म्हणायचं. आपली लिफ्टसुद्धा 'शी' आहे."

"पण सभासद पुरुषही आहेत, कॅप्टनसाहेब."

"त्यांचाही जीव कुणावर तरी अवलंबून आहेच की," कॅप्टन म्हणाले आणि निघून गेले.

शेवटी मी सर्वसाधारण सभा बोलावली आणि दुरुस्ती स्वतः तयार केली. ती अशी सुरू होत होती: एव्हरी मेंबर शॅल ड्राय हिज ऑर हर क्लोद्स, ऑर द क्लोद्स ऑफ हिज ऑर हर स्पाउस, इफ ही ऑर शी हॅज वन... ती कुठं संपत होती ते सभेला कळलं नाही, कारण पूर्णविरामापर्यंत मला कोणी पोचू दिलं नाही. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढं लांबण लावण्यापेक्षा 'देअर' लिहा, हल्ली सगळे लिहितात. हे ऐकून मास्तर उभेच राहिले.

"एव्हरी म्हणजे एकवचन! देअर म्हणजे अनेकवचन! एका माणसानं अनेकांचे कपडे वाळवायचे का?"

"घरात तेच तर करतो आम्ही," मागच्या रांगेतून एक आवाज आला.

सभा खदखदून हसली. तो आवाज माझ्या पत्नीचा होता.

आमचे त्या वेळचे चेअरमन मुलीकडे कायमचे राहायला जायचे होते. त्यांनी हसू आवरत तिथंच राजीनामा दिला आणि सुचवलं की, तीन तासांत जी एक व्यक्ती एकच वाक्य बोलली आणि ते सगळ्यांना कळलं, तिलाच चेअरमन करावं. एकमतानं ठराव मंजूर झाला. ते एकमत इतिवृत्तात मीच लिहून घेतलं. आमच्या घरात जी परिस्थिती इतकी वर्षं तोंडी होती, ती त्या दिवशी लेखी झाली. नियम क्रमांक सात मात्र पुढच्या सभेवर ढकलला गेला.

दुसऱ्याच दिवशी लिफ्ट बंद पडली.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि आमच्याबरोबर माझी आई राहते. आईचे गुडघे जिना चढत नाहीत, उतरत तर मुळीच नाहीत. रोज संध्याकाळी खाली जाऊन बाकावर मैत्रिणीशेजारी तासभर बसणं, एवढंच तिचं बाहेरचं जग. लिफ्ट कंपनीचा माणूस म्हणाला, मोटर बदलायला लागेल, करारावर चेअरमनची सही हवी, आणि चेअरमन नवे असतील तर नोंदणी कार्यालयाचा दाखला हवा. मी म्हणालो, दोन दिवसांत आणतो. इंग्रजीतला फॉर्म भरायचा होता. तो तर माझा प्रांत.

नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर एक कारकून बसतात. त्यांनी फॉर्म वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ही सही कोणाची?"

"चेअरमनची."

"चेअरमन कोण?"

"माझी पत्नी."

त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीवर टिचकी मारली. चेअरमन शॅल अॅफिक्स हिज सिग्नेचर हिअर. "इथं 'हिज' सिग्नेचर मागितलीय. ही 'हर' सिग्नेचर झाली."

"अहो, 'हिज'मध्ये 'हर' येतेच."

"कुठं येते? दाखवा."

मी गडबडलो. "दोन्हींत एच आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी इतकं वाईट कधी बोललो नसेन.

"हॉस्पिटलमध्येही एच आहे," कारकून म्हणाले.

फॉर्म परत मिळाला, वर एक छापील नकारपत्रही मिळालं, साहेबांच्या सहीचं आणि गोल शिक्क्याचं. पत्र 'वुई रिग्रेट'नं सुरू होत होतं. धंद्यातला माणूस म्हणून मी त्याला मनातल्या मनात दाद दिली आणि फाइलला लावलं.

दुसऱ्या खेपेला मी 'हिज' खोडून वर सुबक अक्षरात 'हर' लिहिलं. छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, असं दुसरं पत्र मिळालं. तिसऱ्या खेपेला मी मास्तरांचं दोन पानी निवेदन जोडलं. पुल्लिंगात स्त्रीलिंग कसं सामावतं, हे त्यात सात उदाहरणांनी सिद्ध केलं होतं.

"हे मास्तर नोकरीत आहेत?"

"निवृत्त आहेत."

"मग व्याकरणही निवृत्त," कारकून म्हणाले आणि तिसरं पत्र दिलं. मग मात्र त्यांना माझी दया आली असावी. ते खिडकीतून पुढं झुकले. "राग मानू नका, तुम्ही पुरुष आहात ना?"

इतक्या स्पष्टपणे हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. "आहे," मी म्हणालो.

"मग तुम्हीच व्हा की चेअरमन. एक ठराव आणा, सही करा, दोन मिनिटांचं काम. लिफ्ट चालू."

खरं सांगतो, बसस्टॉपपर्यंत येता येता मी मनात ठरावाचा मसुदा तयारही केला होता. चांगला उतरला होता.

घरी आलो तेव्हा आई बाल्कनीत उभी राहून खालच्या बाकावरच्या मैत्रिणीशी बोलत होती. लिफ्ट बंद पडल्याला सदतीस दिवस झाले होते, आणि सदतीस दिवस त्या दोघी अशाच पाच मजल्यांच्या अंतरावरून बोलत होत्या. आईच्या पोटाच्या तक्रारी आता समोरच्या इमारतीलाही पाठ झाल्या होत्या.

पत्नी कपड्यांच्या घड्या करत होती. मी कारकुनाचा सल्ला तिला सांगितला. अगदी सहज, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसा. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"व्हा तुम्ही," ती म्हणाली. "आईंना खाली जाता येईल."

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलणार तोच आई बाल्कनीतून आत आली. तिला ऐकू कमी येतं, असा आमचा समज होता.

"माझे गुडघे मध्ये आणू नकोस," आई मला म्हणाली. "अरे, सगळ्यांनी मिळून तिला बसवलंय. तू कशाला तिला उठवतोस? मी इतके दिवस वर बसले, आणखी बसेन. मला खाली जायचंय, पण तिच्या सहीनं."

सून आणि सासूनं एकाच बाजूला उभं राहण्याचा आमच्या घरातला तो पहिलाच प्रसंग. मी दुसऱ्या बाजूला एकटा होतो, आणि तिथं फारच गार वाटत होतं.

"नाही होत मी चेअरमन," मी म्हणालो.

पत्नीनं फाइल मागितली. ती रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. कागद खालून वर वाचायची तिला सवय आहे. आधी सही कोणाची ते बघते, मग आकडे. मी तीनही पत्रं वरून खाली वाचली होती आणि पहिल्या ओळीच्या प्रेमात पडून तिथंच राहिलो होतो.

"ही शेवटची ओळ काय आहे?"

मी वाचली. "गिव्हन अंडर हिज हँड अँड सील. म्हणजे साहेबांच्या सहीशिक्क्यानिशी."

"साहेब पुरुष आहेत?"

"'हिज' लिहिलंय, म्हणजे..."

"तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

"नाही. आत कोण सोडतंय?"

तिनं ती वळणदार सही उजेडाकडे धरली. "सहीवरून सांगता येत नाही. नमुन्यावर बाई का पुरुष ते लिहिलेलं नसलं, तर आमच्याकडे अंदाज करत नाहीत. विचारतात." दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

खिडकी क्रमांक चार मला बघून उसासली. पत्नीनं शांतपणे विचारलं, "ही पत्रं कोणाच्या सहीची?"

"साहेबांच्या."

"साहेबांना भेटायचंय."

तिच्या आवाजात लॅबमधला 'हात सरळ ठेवा' हा सूर होता. कारकून उठले. आम्ही त्यांच्या मागोमाग आत गेलो. टेबलामागं, चष्मा डोक्यावर सरकवून कागदांवर शिक्के मारत साहेब बसल्या होत्या.

बसल्या होत्या! सव्वा महिन्यात मी तीन अर्ज 'डिअर सर' म्हणून लिहिले होते. इंग्रजीत 'ऑफिसर' म्हटलं की माणूस झाकला जातो. मराठी निदान क्रियापदात तरी पकडते. साहेब आल्या की आले, ते लगेच कळतं. पण खिडकी क्रमांक चार एवढी आदरशीर, की त्यांचे साहेब कायम 'आलेत', 'गेलेत' आणि 'बिझी आहेत'!

पत्नीनं तीनही पत्रं टेबलावर एकाशेजारी एक मांडली. "मॅडम, ही सही तुमची ना?"

"माझीच."

"खाली छापलंय, 'हिज' हँड. हात तुमचा आहे. आमचा फॉर्म ह्याच शब्दापायी तीनदा परत आला. आमचा चुकीचा असेल तर ही तिन्ही पत्रंही चुकीची. पत्रं बरोबर असतील तर आमचा फॉर्मही बरोबर. एवढंच विचारायला आले."

कारकून छताकडे बघू लागले. साहेबांनी चष्मा खाली घेतला, पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं. मग फॉर्म जवळ ओढून सही केली आणि शिक्का मारला. तो शिक्का जरा जास्तच जोरात मारला, असं मला वाटलं.

"अकरा वर्षं मी या ओळीखाली सही करतेय," त्या म्हणाल्या. "आजवर कुणी वाचलीच नाही. मी पण नाही."

"साहेब, पण मग अकरा वर्षांतली पत्रं..." कारकून म्हणाले.

"तुम्ही बाहेर थांबा," साहेब म्हणाल्या. आणि माझ्या पत्नीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही इंग्रजी शिकवता का?"

"छे! मी लॅबमध्ये असते. इंग्रजी हे बघतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'हे' होतो. मी नम्रपणे मान लववली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. पण आत कुठंतरी, बटणाच्या मागं, काहीतरी फुगत होतं, आणि तो अपमान नव्हता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आठवड्याभरात लिफ्ट चालू झाली. "शी इज बॅक," कॅप्टननी सॅल्यूट ठोकून जाहीर केलं. आई पहिल्या फेरीत खाली गेली. बाकावर मैत्रिणीशेजारी जाऊन बसली आणि दोघींच्या लक्षात आलं, की बोलायचं काही शिल्लकच नाही. सगळं ओरडून झालेलं होतं. दोघी तासभर गप्प बसल्या. इतका चांगला तास बऱ्याच दिवसांत गेला नव्हता, असं आई वर आल्यावर म्हणाली.

पुढच्या सभेत चेअरमननी नियम क्रमांक सात स्वतः लिहून आणला. मराठीत. 'आपले कपडे गच्चीवर वाळवावेत.' मी दोन दिवस त्यात खोट शोधत होतो. 'आपले'मध्ये तोही होता, तीही होती, आणि मीसुद्धा होतो. मास्तर चष्मा पुसून म्हणाले, निर्दोष आहे. दातांच्या डॉक्टर उठल्या आणि चादरी काढायला गेल्या. मग मी रजा काढून उरलेले सव्वीस नियम मराठीत उतरवले. ते लोक आता वाचतात. वादही घालतात. मी घालू देतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी नोंदणी कार्यालयाकडून वार्षिक मेळाव्याचं छापील आमंत्रण आलं: द चेअरमन अँड हिज वाइफ. 'हिज' काढून टाकायचा साहेबांचा नवा फतवा छापखान्यापर्यंत अजून पोचला नसावा. आम्ही दोघं गेलो. दारात खिडकी क्रमांक चार छातीला लावायचे बिल्ले वाटत होते. सवयीनं त्यांचा हात 'चेअरमन' घेऊन माझ्या खिशाकडे आला.

"ते ह्यांचं," मी बाजूला होत म्हणालो.

ते ओशाळले. तबकात आता एकाच प्रकारचे बिल्ले उरले होते: 'चेअरमन्स वाइफ'. "तुम्ही बिल्ल्याशिवायच बसा," ते हळूच म्हणाले. "मी कुणाला सांगत नाही."

"का म्हणून?" मी म्हणालो, आणि एक उचलून शर्टाला लावला. वाकडा लागला होता, तो पत्नीनं सरळ केला.

पहिली रांग चेअरमन लोकांची होती, दुसरी त्यांच्या बायकांची. मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. शेजारच्या बाईंनी पर्स मांडीवर घेऊन मला जागा केली, माझा बिल्ला वाचला, एकदा माझ्या मिशांकडे पाहिलं, पण भल्या घरच्या असाव्यात, सवयीनं त्यांनी विचारलंच:

"तुमचे मिस्टर कुठं बसलेत?"

"मिस्टर नाही. त्या बघा, पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या," मी म्हणालो, आणि बिल्ला त्यांना नीट दिसावा म्हणून छाती जरा पुढं काढली.